पुठ्ठ्याची उंबरखिंड



मागच्या आठवड्यात आपण जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची टाचणवही शिवली. किती जणांची पुरी झाली? ज्यांची अजून सुई-दोऱ्यातच अडकली आहे त्यांनी आधी ती संपवा, मग आजच्या कामाला हात घाला. कारण आजचं काम मोठं आहे. आज आपल्याला सह्याद्री बांधायचा आहे! तोही घरातल्या टेबलावर, किराणा दुकानातून मागून आणलेल्या खोक्यांचा.

हसू नका. आमच्या वर्गानं तो बांधला आहे. त्याची गोष्ट आधी सांगते, मग कृती सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी चौथीच्या वर्गात विचारलं, "यंदा किल्ला कोण कोण करणार?" सगळे हात वर. कुणी रायगड म्हणालं, कुणी राजगड, कुणी म्हणालं, "बाई, आमच्या किल्ल्यावर कारंजं असणार, सलाइनच्या नळीचं!" एकच हात खाली होता. वर्षाच्या मध्येच दौंडहून शिरूरला आलेला एक मुलगा होता, त्याचा. मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावलं.

"का रे, तू नाही करणार?"

"बाई, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. अंगण नाही. घरमालक म्हणतात, जिन्यात मातीचा कण दिसता कामा नये."

"आणि दौंडला?"

"दौंडला क्वार्टरच्या मागं करायचो. पप्पांबरोबर."

त्याचे पप्पा रेल्वेत. ते दौंडलाच राहिले होते. आईला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं म्हणून मायलेक शिरूरला आले होते. पप्पा साप्ताहिक सुट्टीला यायचे. म्हणजे त्याचं अंगण गेलं होतं, आणि किल्ल्याचा जोडीदारही रोजचा राहिला नव्हता.

मुलांनो, माझंही माहेर दौंड तालुक्यातलं. आमच्याकडची काळी माती वाळली की तडकते, त्यामुळे आमच्या किल्ल्याला भाऊबीजेपर्यंत हमखास भेगा पडायच्या. तरी दगड-विटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, माती लिंपायची, हळीव पेरायचे आणि रोज सकाळी उठून "उगवलं का?" म्हणून बघायचं. ही गंमत एखाद्याला केवळ अंगण नाही म्हणून मिळू नये, हे काही मला पटेना. त्यातून दुसरीही एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस सलत होती.

ती अशी. वर्गात मी विचारलं, "खिंड म्हणजे काय?" उत्तर तयार, "दोन डोंगरांमधली अरुंद वाट!" मग विचारलं, "शत्रूला खिंडीतच का गाठायचं? मैदानात का नाही?" वर्ग चिडीचूप. यात मुलांची चूक नाही. शिरूर काय, दौंड काय, आपला सगळा मुलूख सपाट. गच्चीवर चढलं तर उसाची शेतं दिसतात, खिंड दिसत नाही. जी जमीन पाहिलीच नाही, तिच्यावरची लढाई कळणार कशी?

म्हणून ठरवलं की यंदा किल्ला नको. यंदा एक अख्खी खिंड करायची. मातीची नाही, पुठ्ठ्याची. आणि ती नुसती बघायची नाही, तिच्यावर खेळायचं!

कोणती खिंड?

आम्ही उंबरखिंड निवडली. तिची हकीकत थोडक्यात ऐका.

१६६० साली मोगल सरदार शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. त्यानं कारतलबखान नावाच्या सरदाराला मोठी फौज देऊन कोकणात पाठवलं. खान लोणावळ्याच्या बाजूनं सह्याद्री उतरू लागला. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान. फौज पुरती खिंडीत उतरली आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिला वरून घेरलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. एवढी मोठी फौज, पण त्या चिंचोळ्या वाटेत तिचा मोठेपणा काहीच कामाचा नव्हता.

खानाबरोबर रायबागन नावाची एक शूर स्त्री सरदार होती. माहूरकडच्या देशमुख घराण्यातली. तिनं खानाला सल्ला दिला की आता लढण्यात अर्थ नाही, महाराजांना शरण जा आणि सैन्य वाचव. खानानं ऐकलं. महाराजांनी खंडणी घेतली आणि फौजेला वाट मोकळी करून दिली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या प्रसंगाचं वर्णन आहे. आज ही जागा रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ आहे आणि तिथं स्मारक उभारलं आहे.

आता कामाला लागू या.

साहित्य

खोक्यांचा पुठ्ठा (दोन पदरांच्या आत नागमोडी कागद असतो तो), रद्दी वर्तमानपत्रं, अंड्यांचे कागदी ट्रे, मैदा, वापरून वाळवलेला चहाचा चोथा, लाकडाच्या वखारीतला भुसा, भांडी घासायची जुनी हिरवी घासणी, नारळाच्या शेंड्या, उरलेला भिंतीचा रंग किंवा पोस्टर कलर, गेरू, कार्बन पेपर, दोन रंगांची जुनी बटणं, चार चिंचोके. विकत काय आणायचं? फार तर फेविकॉलची एक छोटी बाटली.

नकाशा मोठा करा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. शाळेतल्या सरांना-बाईंना सांगा, ते मदत करतील. या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यावर तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेषा दिसतील. त्या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. दर २० मीटर उंचीला एक रेषा असते आणि दर पाचवी रेषा, म्हणजे दर १०० मीटरची, जाड असते. आपल्याला फक्त जाड रेषा घ्यायच्या आहेत. एक लक्षात ठेवा, रेषा जिथं खेटून आहेत तिथं चढ उभा, जिथं लांब लांब आहेत तिथं जमीन सपाट.

नकाशाचा १० सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर लांब तुकडा निवडा. त्यावर पेन्सिलीनं एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखा. मोठ्या कागदावर तितक्याच चौकटी काढा, पण प्रत्येक चौकट ४ सेंटिमीटरची. आता एकेका चौकटीतली रेषा बघून मोठ्या चौकटीत उतरवा. झाला ४० बाय ५६ सेंटिमीटरचा नकाशा. जमिनीवर तो ५ किलोमीटर बाय ७ किलोमीटर भरतो.

पायऱ्या कापा

सगळ्यात खाली पूर्ण मापाचा दुपदरी पुठ्ठा ठेवा. दोन पुठ्ठे चिकटवताना एकाच्या नागमोडी रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येऊ द्या, म्हणजे पाट वाकत नाही. हा झाला आपला कोकणाचा तळ.

मग कार्बन पेपरनं १०० मीटरची रेषा पुठ्ठ्यावर उतरवा, तिच्या आतला भाग कापा आणि तळावर चिकटवा. त्यावर २०० मीटरची, त्यावर ३०० ची. असं करत वर जा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उभा राहतो. कापण्याचं काम मोठ्यांकडून करून घ्या. पुठ्ठा दिसतो मऊ, पण त्यावरून ब्लेड सटकतं आणि बोटावर येतं. आमच्या वर्गात कापाकापी मी आणि दोन पालकांनी केली, मुलांनी आखणी आणि चिकटवणी.

पायरीची उंची किती ठेवायची? हे गणित मुलांनीच सोडवलं. आपल्या मोठ्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १२५ मीटर. मग १०० मीटर म्हणजे ८ मिलिमीटर. साध्या खोक्याचा पुठ्ठा ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन पुठ्ठे मिळून एक पायरी. सगळं बरोबर जुळलं. पुठ्ठे नुसतेच रचून पाहिले आणि मुलांची तोंडं उतरली.

"बाई, हा सह्याद्री? हा तर थापलेल्या भाकरीएवढा दिसतोय!"

खरंच की! लोणावळ्याच्या बाजूचं पठार साधारण ६०० मीटर उंच. आमच्या प्रमाणात ते ५ सेंटिमीटरसुद्धा भरेना. गणित चुकलं नव्हतं. डोंगर आपल्याला प्रचंड वाटतात, कारण आपण पायथ्याशी उभं राहून वर बघतो. आकाशातून बघणाऱ्याला ते पसरट दिसतात. म्हणून उठावाचे नकाशे करणारे उंची मुद्दाम वाढवून घेतात. आम्हीही प्रत्येक पायरी दोनाऐवजी चार पुठ्ठ्यांची केली. मग कुठं डोंगर डोंगरासारखा दिसू लागला.

तेवढ्यात आमच्या दौंडकरानं विचारलं, "बाई, मग आपलं शिरूर कितव्या पायरीवर?"

मला प्रश्न फार आवडला. शिरूर काय, दौंड काय, दोन्ही समुद्रसपाटीपासून ५०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहेत. म्हणजे पाचव्या पायरीवर!

"म्हणजे आपण सपाट जागेवर राहतच नाही. आपण डोंगराच्या डोक्यावर राहतो!"

अगदी बरोबर. आपण दख्खनच्या पठारावर राहतो. आपली घोड नदी आंबेगाव तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेला उतरत येऊन भीमेला मिळते. उंबरखिंडीजवळची अंबा नदी मात्र दुसऱ्या बाजूला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडचा उतार हलका, पश्चिमेकडे एकदम कडा. घाट उतरणाऱ्या फौजेचे हाल का होतात, ते या पायऱ्यांवरून बोट फिरवलं की कळतं.

कातडं आणि केस

आता डोंगराला कातडं चढवू. दोन चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा. आईला किंवा बाबांना मंद आचेवर तो ढवळत शिजवायला सांगा. चकाकी आली आणि दाटसर झाला की खळ तयार. पूर्वी बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका, ते विषारी असतं. तुम्ही लागेल तेवढीच ताजी खळ करा.

वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा. फाडाच, कापू नका. फाटलेली कड छान मिसळून जाते. पट्ट्या खळीत बुडवून, निथळून पायऱ्यांवर लावा. दोन थर पुरे. इथं आमची एक फजिती झाली. लवकर वाळावं म्हणून आम्ही पाट कडक उन्हात ठेवला. संध्याकाळी बघतो तर चारी कोपरे वर आलेले, पापडासारखे! पुठ्ठ्याची एक बाजू ओली आणि एक कोरडी असली की तो वाकतो. उपाय सोपा आहे. खालच्या बाजूलाही खळीनं एक कागद चिकटवा, कोपऱ्यांवर विटा ठेवा आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या.

कड्यांच्या जागी अंड्यांच्या ट्रेचे फाडलेले तुकडे लावा. रंगवल्यावर ते हुबेहूब काळा कातळ दिसतात. वाटेवर फेविकॉल पसरून चहाचा चोथा भुरभुरवा, झाली माती. भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला की गवत. घासणीचे तुकडे कुरतडून काडीवर खोचले की झाडं. नारळाच्या शेंड्यांची वाळकी झुडपं होतात. नदी निळी-हिरवी रंगवा आणि वरून फेविकॉलचे दोन पातळ थर द्या. वाळल्यावर फेविकॉल पारदर्शक होतो आणि पाणी चमकतं. गावाजवळ गेरूचा हात फिरवा. उंबरखिंडीत रान दाट होतं, तेव्हा झाडं लावताना कंजूषपणा नको.

बुद्धिबळाचा भाऊबंद

टेबलावर लढाई खेळायची कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही बरं का. बुद्धिबळ आपल्याच देशातलं. हत्ती, घोडे, प्यादी, वजीर, सगळी फौजच ती. पण बुद्धिबळाच्या पटाला डोंगर नसतो, नदी नसते. चौसष्ट घरं सारखीच सपाट.

१८१२ साली प्रशिया या देशात, म्हणजे आजच्या जर्मनीकडे, राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजासाठी एक खास टेबल बनवलं. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते असलेले तुकडे हवे तसे मांडता यायचे. पुढं १८२४ साली त्यांच्या मुलानं हा खेळ नकाशावर आणला आणि तिथले लष्करी अधिकारी तो शिकण्यासाठी खेळू लागले. मग १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं घराच्या फरशीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाई कशी खेळावी, याचं छोटं पुस्तक लिहिलं, 'लिटल वॉर्स'. हे तेच वेल्स, ज्यांनी काळयंत्राची कादंबरी लिहिली. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी बजावलं आहे की खेळातली लढाई ठीक, खरी लढाई मात्र फार वाईट. दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं.

हे शेवटचं वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला.

खेळाचे नियम

सैनिक म्हणून बटणं घ्या. आमच्या एकानं २ सेंटिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा मावळा आणला होता. पण नकाशाच्या प्रमाणानं २ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर! एवढा उंच मावळा असता तर लढाईच झाली नसती. म्हणून एक बटण म्हणजे एक माणूस नाही, शंभर माणसं, असं ठरवलं.

१. खानाकडे २० बटणं, महाराजांकडे १०. खान पठारावरून निघतो. त्याला कोकणाच्या काठापर्यंत पोचायचं आहे.

२. महाराजांची बटणं सुरुवातीला पटावर नसतात. तो खेळणारा गडी रानातल्या जागा चिठ्ठीवर लिहून ठेवतो. चिठ्ठी घडी घालून पंचांकडे.

३. एका डावात बटण ६ सेंटिमीटर चालतं. दोऱ्यानं मोजा. रानातून निम्मं, ३ सेंटिमीटर. एक पायरी चढायची तर २ सेंटिमीटर वजा. खिंडीत एकामागं एकच बटण चालेल.

४. बटणं ३ सेंटिमीटरच्या आत आली की झुंज. फासे म्हणून चिंचोके. दगडावर घासून फोडलेले, एक बाजू पांढरी आणि एक काळी. दोघं सारख्या पायरीवर असतील तर प्रत्येकी तीन टाका. एक वर आणि एक खाली असेल तर वरच्याला चार, खालच्याला दोन. जितके पांढरे पडतील तितकी समोरची बटणं पटावरून उचला.

चौथा नियम नीट बघा. खिंडीतच का गाठायचं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. वर असणाऱ्याला चार चिंचोके!

खान कोण होणार?

पट तयार झाला, आणि अडचण उभी राहिली. महाराजांच्या बाजूनं खेळायला पंचवीस जण तयार. खान व्हायला कुणीच नाही! "मी नाही बाई", "त्याला करा बाई", "बाई, तुम्हीच व्हा". शेवटी मागून आवाज आला, "मी होतो."

आमचा दौंडकर. मला वाटलं, नवा आहे, दुसरं काही मिळणार नाही असं त्याला वाटत असावं. मनाला जरा लागलं. पण तो गंभीरपणे टेबलापाशी बसला आणि त्यानं बटणं मांडली.

पहिल्या खेळात तो सरळ निघाला. चौथ्या डावात त्याची सगळी रांग खिंडीत. चिठ्ठ्या उघडल्या आणि दोन्ही अंगांनी महाराजांची बटणं वर उभी! चार चिंचोके, तीन पांढरे. पुन्हा चार, दोन पांढरे. वर्ग नाचायला लागला. "अजून! अजून!" नऊ बटणं उचलली गेली.

तेव्हा तो म्हणाला, "बाई, एक बटण म्हणजे शंभर माणसं ना?"

"हो."

"म्हणजे ही नऊशे माणसं झाली."

नाचणारे पाय थांबले. ज्याच्या मुठीत उचललेली बटणं होती त्यानं मूठ उघडून बघितली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं आमची वर्गप्रमुख म्हणाली, "बाई, पण खरी रायबागन तर शरण जायला सांगते. आपल्या खेळात तसा नियमच नाही."

मुलांनो, पाचवा नियम असा मुलांनी केला. खानाला कोणत्याही डावात पांढरा रुमाल दाखवता येतो. रुमाल दिसला की महाराजांनी लढाई थांबवायचीच. गुण असे. कोकणात पोचलेल्या प्रत्येक बटणाला खानाला १ गुण. शरण गेलेल्या किंवा सुखरूप परत फिरलेल्या प्रत्येक बटणाला अर्धा. महाराजांना वाचलेल्या प्रत्येक बटणाचा १, आणि खान शरण आला तर वर आणखी १० गुण. आता रुमाल दाखवणं दोघांच्याही फायद्याचं झालं. घडलंही तसंच होतं, नाही का?

सहावा नियम मी केला. प्रत्येकानं दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळायचं. समोरच्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय त्याची वाट किती अरुंद होती ते कळत नाही.

तिसऱ्या खेळात आमचा दौंडकर पुन्हा खान झाला, या वेळी हौसेनं. त्यानं रांग हलवलीच नाही. तीन बटणं तेवढी पुढं रानात पाठवली. हेर म्हणून. दोन डावांत त्यांना चिठ्ठीतली एक जागा सापडली. लगेच त्यानं सगळी फौज पठाराकडे वळवली. झुंज नाही, चिंचोके नाहीत.

"बाई, ही काय लढाई झाली?" समोरचा चिडला. "आणि यानं इतिहासच बदलला!"

"मला कोकणात जायचंय," हा शांतपणे म्हणाला, "मी दुसऱ्या घाटानं जाईन."

इतिहास आपल्या खेळानं बदलत नाही, मुलांनो. २ फेब्रुवारी १६६१ ला जे झालं ते झालं. पण आपण तो धड्यात वाचतो तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असावं असं वाटतं. ते तसं नव्हतं. खानानं हेर नीट पाठवले असते तर? महाराजांनी जागा चुकीची निवडली असती तर? कुणीतरी जमीन बघितली, विचार केला, योग्य जागी योग्य वेळी माणसं उभी केली, म्हणून ते घडलं. महाराजांचं मोठेपण या पटावर बसल्यावर जास्त कळतं. आणि शरण आलेल्याला वाट दिली, हे मोठेपणही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, हे काम आठवडाभर चालेल. घरात कागदाचे कपटे होतील, खळीची बोटं दाराला लागतील. रागावू नका. यात प्रमाण, मोजमाप, भूगोल आणि इतिहास एका टेबलावर येतात. पुठ्ठा कापायला बसा, पण डोंगर मुलांना करू द्या. वाकडा झाला तर वाकडा. आणि खेळताना मुलानं समोरच्या बाजूला नावं ठेवली की एवढंच सांगा, "पुढच्या खेळात ती बाजू तुझी."

जागेचा प्रश्न असेल तर पट मधोमध दुभागून करा, म्हणजे वापर झाला की दोन तुकडे कपाटामागे उभे राहतात. दर पावसाळ्यापूर्वी मात्र तपासा. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि खळीच्या वासानं झुरळं येतात. वाळका कडुनिंब जवळ ठेवा.

आमच्या दौंडकरानं सुट्टीत घरी दुसरा पट केला. जिन्यात मातीचा एक कण पडला नाही, घरमालकांनी तर येऊन दोन डाव खेळले म्हणे. साप्ताहिक सुट्टीला पप्पा आले की दोघं खेळतात. शाळा उघडल्यावर मी विचारलं, "पप्पा कोण होतात?"

"खान," तो म्हणाला. "पण बाई, ते रुमाल लवकर दाखवतात. म्हणतात, माणसं घरी पोचली पाहिजेत."

तर मग, खोकी मागायला आजच दुकानदारकाकांकडे जा. उंबरखिंड नको असेल तर दुसरी एखादी खिंड घ्या, पण नकाशा समोर ठेवूनच करा. पुढच्या आठवड्यात आपण उरलेल्या पुठ्ठ्याच्या कपट्यांची कंदिलाची झालर करू. तोपर्यंत, सावकाश कापा आणि सावलीत वाळवा!

तुमच्या बाई